तांबडीच्या पायाचं निमित्त

९ फेब्रुवारी

धाकटे,

नऊ वर्षांनी माझं अक्षर दिसलं म्हणून कुणी गेलं असं समजू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. लिहायचं कारण तुझी घोडी. तांबडीचा पुढचा डावा पाय गेले अठरा दिवस जमिनीला टेकत नाही. मोतद्दारांनी तेल चोळलं, पट्ट्या बांधल्या, एकमेकांना दोष दिले, सगळं करून झालं. आता तुझा दादा म्हणतो, गोळी घालून तिला मोकळं करावं. जहागीर त्याची, पागा त्याची, शब्द त्याचा. पण घोडी तुझी आहे, बाबांनी सोळाव्या वाढदिवसाला तुला दिलेली. तेव्हा तुला विचारल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, असं मी त्याला बजावलं. म्हणून हे पत्र. दुसरं काही कारण नाही.

तुझा पत्ता मोजणी खात्याकडून मागवला. तुझे यजमान अजून त्याच खात्यात आहेत असं कळलं.

नदीच्या पुलापलीकडे घोड्यांचे एक वैद्य नव्यानं येऊन राहिलेत. माणूस विक्षिप्त आहे म्हणतात, पण हाताला गुण आहे. तुझं उत्तर येईपर्यंत त्यांना दाखवून बघते.

बाबा गेले ते तुला कळलं असेलच. पाच वर्षं झाली. शांतपणे गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही.

घोडीचं काय करायचं ते लगेच कळव.

आई


४ मार्च

धाकटे,

उत्तर मिळालं. उत्तर कसलं, दोन ओळी. ‘तिला मारू नका. डाव्या बाजूनं धरलेलं तिला खपत नाही.’ वर मायना नाही, खाली सही नाही. पण मी तरी कोणत्या तोंडानं तक्रार करू? तुझी तीन पत्रं मी न फोडता परत पाठवली होती. त्या मानानं दोन ओळी म्हणजे चैन आहे.

घोडी जिवंत आहे, हे आधी सांगते.

वैद्य सोमवारी सकाळी आले. उंच, जरा पोक आलेले, कानांत केस, कोटाला औषधांचा उग्र वास. आल्या आल्या मोतद्दारांना ‘अरे, बादली आण’, ‘अरे, हो बाजूला’. आणि घोडीला मात्र, ‘अहो, पाय द्या बरं. द्या, द्या. बघू द्या.’ मला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. मग कळलं की हा माणूस जनावरांना अहोजाहो करतो आणि माणसांना अरेतुरे. तुझ्या दादालाही म्हणाले, जरा उजेडातून सरक. आणि दादा सरकलासुद्धा.

खुराच्या आत गळू झालं होतं. वरून काही दिसत नव्हतं, म्हणून आमचे लोक गुडघ्याला तेल चोळत बसले होते. रोग रेड्याला नि औषध पखालीला. आता खूर तासून गळू फोडायचं, तर तिचं डोकं कुणीतरी धरायला हवं. एक मोतद्दार पुढे झाला, त्याच्या दंडाला तिनं कडकडून चावा घेतला. दुसरा लांबूनच हात जोडायला लागला. मी दारात उभी होते. वैद्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, तुम्ही या. उजवीकडून धरा.’

गेल्या तीस वर्षांत मला कुणी ‘या’ म्हटलेलं नाही. लोक म्हणतात, आईसाहेबांनी यावं. आपली कारभारीण माझ्या वतीनं चिडायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी शाल काढून तिच्या हातात दिली आणि आत गेले. तांबडीचं डोकं छातीशी धरलं. ती थरथरत होती, पण तिनं मला चावलं नाही. पू बाहेर आला तसा तिनं एक लांब सुस्कारा टाकला.

आता रोज दोनदा खूर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि कोंड्याचं पोटीस बांधायचं. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं आहे. तुझी वहिनी जेवताना नाकाला रुमाल लावते. मला पागेचा वास येतो म्हणे. येत असेल.

आई


२८ मार्च

धाकटे,

या वेळी सात ओळी लिहिल्यास. पाच घोडीबद्दल. उरलेल्या दोनांत, हवापाणी कळवावं तसं, तू लिहिलंस की थोरली सात वर्षांची आहे, धाकटा तीनचा, आणि थोरलीला घोडे फार आवडतात.

मला नातवंडं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. मी पत्र घडी करून बाहीत ठेवलं. दिवसभर ते मनगटाला टोचत होतं, तरी काढलं नाही.

तांबडी चालायला लागली. अजून जपून टाकते पाऊल, पण टेकवते. खरं म्हणजे वैद्यांनी आता दिवसाआड यायची गरज नाही. मी तसं त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, घोड्याच्या पायाचं काही सांगता येत नाही. मग मी मान्य केलं. शेवटी त्यातले जाणकार तेच.

आले की दुपारचे जेवायलाच थांबतात. दादानं त्यांना टेबलाच्या खालच्या टोकाला, हिशेबनिसाच्याही पलीकडे बसवलं. आता झालं असं, की एका घोड्यानं लाथ मारल्यापासून वैद्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. त्यामुळे मीही तिकडे बसते. यात काही विशेष नाही, पण कारभारणीनं काल विचारलंच, आईसाहेबांची खुर्ची हल्ली आपोआप सरकते का. फार बोलायला लागली आहे ती. म्हातारी झाली.

वैद्यांची बायको बारा वर्षांमागे गेली. मूलबाळ नाही. बोलतात थोडं, पण बोलतात ते सरळ. परवा सांगत होते, गेल्या वर्षी एका गाडीवानाचा घोडा त्यांच्या चुकीनं गेला. औषधाचं माप चुकलं. ते पायी त्या गाडीवानाच्या घरी गेले आणि चूक माझी म्हणून सांगून आले. मी म्हटलं, सांगायची काय गरज होती? त्याला कधी कळलंही नसतं. तर म्हणाले, ‘कळलं नसतं, खरं. पण तो जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता.’

मी विषय बदलला. हवेबद्दल काहीतरी बोलले.

थोरलीचे डोळे कुणासारखे आहेत? नसेल सांगायचं तर सांगू नकोस.

तुझी आई


१० मे

धाकटे,

हे पत्र बसून वाच.

वैद्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे.

हसून घे. मी थांबते.

तांबडीला परवा पहिल्यांदा मोकळं सोडलं. तीन महिन्यांनी उघड्यावर आल्यावर ती आधी नुसती उभी राहिली, जणू कुणी परवानगी द्यायची आहे. मग जी सुटली, ती कुरणाच्या त्या टोकापर्यंत. सतरा वर्षांची घोडी, पण शिंगरासारखी उधळली. आम्ही दोघं कुंपणाला टेकून बघत होतो. मी अर्थात त्यांच्या उजव्या हाताला. ते म्हणाले, ‘माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एक व्हरांडा, आणि आजारी घोड्यांसाठी चार ठाणं. छप्पर गळत नाही. तुम्ही याल का?’

मला वाटलं, एखादा घोडा दाखवायचा असेल. मी विचारलं, कधी येऊ?

‘कायमच्या,’ ते म्हणाले.

तुला माहीत आहे, माझी जीभ कधी अडत नाही. पण अडली. माझं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दोन जहागिरींमध्ये एका जंगलावरून तीन पिढ्यांचं भांडण होतं. ते मिटवायचा करार झाला, आणि त्या करारातलं मी एक कलम होते. तुझ्या बाबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नाच्या दिवशी. ते भले होते. ते मला कधी उणा शब्द बोलले नाहीत, मीही त्यांचा मान राखला. पण ‘याल का’ असं मला कुणी विचारलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी कुणीतरी विचारलं आणि उत्तर कसं द्यायचं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी मान हलवली. ते घोडीकडे बघत होते, त्यांना दिसलंच नाही. मग तोंडानं सांगावं लागलं.

तुलाही असंच कुणीतरी विचारलं होतं. शेजारच्या जहागिरीतल्या थोरल्या मुलाशी तुझं लग्न आठ दिवसांवर आलेलं, पाहुण्यांच्या खोल्या लावून झालेल्या, आणि तू फळबागेच्या फाटकातून त्या मोजणीदाराचा हात धरून चालत निघून गेलीस. तेव्हा मला वाटलं होतं, हिला काय कमी केलं आपण? दुसऱ्या दिवशी भरल्या पंक्तीत मी म्हणाले, आजपासून मला मुलगी नाही. हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपल्या घरातल्या बातमीला पाय नाही, पंख असतात.

आता दादाचं सांगते. मी त्याला दिवाणखान्यात बोलावून सांगितलं. तो आधी हसला, मग लाल झाला. सरदारांची विधवा घोड्यांच्या वैद्याच्या घरात जाणार म्हटल्यावर चारी दिशांना हसतील म्हणाला. मी म्हटलं, हसू देत, त्यांना तरी दुसरी करमणूक काय आहे? त्यानं बजावलं की किताब जाईल, पश्चिमेच्या खोल्या जातील, दरबारातली जागा जाईल. हे सगळं मी आधीच धरलं होतं. मग तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘असं असेल तर आजपासून मला—’

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. पस्तीस वर्षांच्या माणसाच्या तोंडावर. म्हटलं, ‘ते वाक्य बोलू नकोस. मी बोलून बसले आहे. ते मागे घेता येत नाही.’

तो धुमसत निघून गेला, पण वाक्य अर्धंच राहिलं.

तुझी आई


१३ मे

धाकटे,

परवाचं पत्र टपालात पडलं आणि दुपारी वैद्य आले. चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, मुलीला कळवलंत का. मी म्हटलं, ‘हो, कळवलं.’

ते खरं होतं. तरी मी चहा तसाच बाजूला सरकवला. कारण हेच शब्द मी एकदा तुझ्या बाबांना म्हटले होते, आणि तेव्हा ते खोटं होतं.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं, बाबा शांतपणे गेले. तसं नाही झालं. बाबा चार दिवस तुझी वाट बघत होते. त्यांनी मला तुला बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, कळवलं, येईल ती. मी कळवलं नव्हतं. चिठ्ठी लिहिली नाही, माणूस पाठवला नाही, काही केलं नाही. दादालाही सांगितलं की निरोप गेला आहे. तो आजवर हेच समजतो की बाप मरणाच्या दारात असताना तू आली नाहीस. आणि तू बहुधा समजतेस की बापानं शेवटीही तुला बोलावलं नाही. दोघं आपापल्या जागी चुकीचं समजत राहिलात आणि मी मधे तोंड मिटून बसले.

का केलं, हे तू विचारशील. मी हे पाच वर्षं स्वतःला विचारलं नाही, काल दिवसभर विचारलं. राग होता, पण नुसता राग नव्हता. मला माहीत होतं की तू दारात आलीस की बाबा एका क्षणात सगळं विसरतील. मग त्या घरात दगड एकच उरला असता, मी. मला ते नको होतं. त्यांच्या मरणापेक्षा मला माझी पंक्तीतली ती एक ओळ मोठी वाटली. याहून बरं कारण मला सापडलं नाही. सापडलं असतं तर कदाचित लिहून पाठवलं असतं, म्हणून सापडलं नाही तेच बरं.

वैद्यांना मी हे तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, संपलं. आले तेव्हा हात ओले होते, तांबडीचा पाय धुऊन आले होते. म्हणाले, ‘मला सांगून काय उपयोग? मुलीला लिहा.’ मी म्हटलं, कसं लिहू? तर म्हणाले, आत्ता मला सांगितलंत तसंच.

लग्न मी थांबवलं आहे. तुझ्या परवानगीची मला गरज आहे असं नाही, असं लिहिणार होते. पण आहे. तुझ्याकडून काहीतरी ऐकल्याशिवाय दुसरं घर मांडायला माझं पाऊल उचलणार नाही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

आई


२४ जून

धाकटे,

सहा आठवडे झाले. तू लिहिलं नाहीस, आणि ते बरोबरच आहे. मी फक्त इकडचं सांगते.

मी दादाला सगळं सांगितलं. लग्नाच्या बातमीवर तो तासभर बोलला होता. या बातमीवर नुसता उठून गेला. आठ दिवस माझ्यासमोर आला नाही. नवव्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत येऊन खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, लहानपणी ती माझ्यामागे पागेत यायची, मी तिला खोगिरावर उचलून बसवायचो, आणि पाच वर्षं मी तिचं नाव घेऊ दिलं नाही. मग विचारलं, तिचा पत्ता काय? मी दिला. त्यानं तुला लिहिलं की नाही ते मला माहीत नाही. विचारलं नाही.

वैद्य येतात. लग्नाबद्दल काही काढत नाहीत. काल दादाच्या शिकारी कुत्र्याच्या पंजातला काटा काढत होते. त्याला म्हणाले, अहो, एवढं काय रडता.

तांबडी बरी आहे. चरून चरून पोट सुटलं आहे तिचं.

आई


१९ जुलै

धाकटे,

तुझं पत्र आलं. एकच प्रश्न. ‘बाबा नेमकं काय म्हणाले?’

सांगते. काही घालणार नाही, काही गाळणार नाही.

पहिल्या दिवशी म्हणाले, धाकटीला बोलवा. मी म्हटलं, कळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंग खिडकीशी सरकवायला लावला, कारण तिथून मोठं फाटक दिसतं. गाडीचा आवाज आला की ‘आली का?’ म्हणून विचारायचे. त्या दिवशी पाच वेळा विचारलं. तिसऱ्या दिवशी बोलणं जड झालं होतं. तरी मोतद्दाराला बोलावून तांबडीला खरारा करायला सांगितला आणि खिडकीखाली आणून बांधायला लावलं. म्हणाले, ती आल्यावर आधी घोडीलाच भेटेल, बापाला नंतर. आणि हसले.

चौथ्या दिवशी दुपारी मी त्यांना चमच्यानं पाणी देत होते. बाहेर काहीच आवाज नव्हता. ते बराच वेळ फाटकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘रस्ता खराब असेल. तिला रागावू नकोस.’

त्यानंतर बोलले नाहीत. साडेचारला गेले.

एवढंच.

आई


२ ऑक्टोबर

धाकटे,

तू परत गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. तुला सगळं माहीतच आहे, तरी मला लिहायचं आहे. समोर असताना मी निम्मं बोलले नाही.

न कळवता आलीस ते बरं केलंस. कळवलं असतंस तर मी तीन दिवस आधीपासून फाटकात उभी राहिले असते आणि दादाला ते दिसलं असतं. तू गाडीतून उतरलीस, मला फक्त ‘बाबांची खोली?’ एवढं विचारलंस आणि वर गेलीस. दार लोटून घेतलंस. मी बाहेर जिन्यात बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या जिन्याच्या पायरीवर बसले, फार गार असते. आतून काही ऐकू येत नव्हतं. खालून मात्र तुझ्या यजमानांचा आवाज येत होता. ते बिचारे स्वयंपाकघरात वैद्यांना नवा पूल कसा मोजला ते समजावत होते, आणि बसले होते त्यांच्या डाव्या हाताला. तासभर वैद्य मान हलवत होते. नंतर मला म्हणाले, जावई हुशार दिसतो, काय सांगत होता कोण जाणे.

तू बाहेर आलीस तेव्हा डोळे सुजलेले होते. माझ्या शेजारी बसली नाहीस, एक पायरी वर बसलीस. म्हणालीस, ‘मी माफ केलेलं नाही.’

मी म्हटलं, ‘बरं.’

‘होईल की नाही तेही माहीत नाही.’

‘बरं.’

मग विचारलंस, ‘लग्न कधी आहे?’

मी म्हटलं, ठरवलेलं नाही. तर तू अशा काही आवाजात म्हणालीस की मला माझी सासू आठवली, ‘मी रविवारपर्यंत आहे. त्याच्या आत उरका.’

ते माफीपेक्षा कमी होतं हे मला कळतं. पण धाकटे, मी त्या दिवशी जेवले तशी पाच वर्षांत जेवले नव्हते.

नोंदणीच्या कचेरीत दोन साक्षीदार लागतात म्हटल्यावर कारभारीण एका पायावर तयार झाली. खुर्ची सरकलेली तिनंच पहिल्यांदा पाहिली, असं ती कारकुनालाही सांगत होती. दुसरी सही दादानं करावी असं मी मनात धरलं होतं. तो दारापर्यंत आला, पण आत आला नाही. ते त्याला अजून पचलेलं नाही, आणि मी जबरदस्ती करणार नाही. तेव्हा तू कारकुनाच्या हातातून लेखणी घेतलीस आणि सही केलीस. सासरचं नाव लावून, ठळक, पूर्ण. नऊ वर्षं ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. शाई वाळेपर्यंत मी ते वाचत उभी होते. देखणं नाव आहे.

बाहेर आल्यावर दादा आणि तू गाडीच्या मागे उभं राहून काय बोललात ते मी विचारणार नाही. पण तू त्याच्या खांद्यावर एक चापट मारलीस ती मी पाहिली.

मी पश्चिमेच्या खोल्यांतून दोन पेट्या घेऊन निघाले. वहिनीला वाटलं मी रडेन. मी कारभारणीला मिठी मारली, ती रडली, आणि आम्ही चालत पूल ओलांडला.

तुझी आई


६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. चार पानं. मी व्हरांड्यात बसून वाचलं, मग वैद्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मग ते कामावर गेल्यावर पुन्हा वाचलं.

तू विचारतेस, मी कशी आहे. दूध रोज उतू जातं. काल बटाटे करपले आणि वैद्यांनी ते असे खाल्ले की मला त्यांच्या चवीबद्दल शंका यायला लागली. सकाळी सहापासून दारात कुणाची ना कुणाची गाय, घोडा, गाढव उभं असतं आणि दार मलाच उघडावं लागतं. कुणी मुजरा करत नाही, सगळे आधी जनावराचं सांगतात. मला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. परवा एका खेचरवाल्यानं विचारलं, वैद्यांचं कोण तुम्ही? मी बायको म्हटलं आणि नंतर दिवसभर ते आठवून मलाच हसू येत होतं. या वयात.

दादा गेल्या आठवड्यात आला होता. त्याच्या शिकारी घोड्याच्या पोटात कळा येत होत्या म्हणून स्वतः लगाम धरून पायी घेऊन आला, निरोप पाठवला असता तरी चाललं असतं. घोडा तासाभरात बरा झाला. दादा सूर्य मावळेपर्यंत बसला. जाताना वैद्यांना म्हणाला, पुन्हा दाखवायला आणावं लागेल का? वैद्य म्हणाले, हो, दर आठवड्याला आण. तो घोडा ठणठणीत आहे हे तिघांनाही माहीत होतं.

तू लिहिलंस की सुट्टीत मुलांना घेऊन दहा दिवस येशील, आणि लगेच पुढे लिहिलंस की याचा अर्थ सगळं विसरले असा नाही. नको विसरूस. मीही विसरणार नाही. विसरून यायला सांगत नाही, नुसतं ये.

आता मुलं कुठे झोपणार? इथे दोनच खोल्या. मी म्हणते, पुढच्या खोलीत गाद्या घालू, जाड पांघरुणं माझ्या पेटीत आहेत. वैद्य म्हणतात, मुलांना गवताच्या माळ्यावर झोप लागते तशी कुठेच लागत नाही, आणि थोरलीला खाली घोड्यांचा आवाज ऐकू येईल. मी म्हटलं, तीन वर्षांचं पोर माळ्यावरून पडलं तर? ते म्हणाले, मी कठडा लावतो. मी म्हटलं, कठडा तुम्ही लावणार? पागेचं दार गेले दोन महिने एका बिजागरीवर लोंबतंय. त्यावर ते चिडले. मीही चिडले. तुझ्या बाबांशी माझं बत्तीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. इतक्या लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून कुणी भांडू शकत नाही. तेव्हा हे माझ्या आयुष्यातलं पहिलं, आणि मला ते चांगलं जमलं असं वाटतं.

आज तिसरा दिवस आहे. आत्ताच ते करवत शोधत आत आले आणि मुद्दाम मला न विचारता घरभर शोधताहेत. करवत माझ्या खुर्चीखाली आहे.

गादी की माळा, ते तू येऊन ठरव. तोवर आम्ही दोघंही माघार घेणार नाही.

तुझी आई